एक जुलै १९८७: एका जन्मतारखेचं प्रकरण

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. कागदोपत्री नाव नोर्ग्येलिंग. आजूबाजूच्या गावांत मात्र सगळे 'तिबेटी कॅम्प' असंच म्हणतात. वसाहत १९७२ सालची. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. पावसाळ्यात धानाच्या बांध्या, आणि दिवाळी सरली की घरातली निम्मी माणसं स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरांकडे, अशी इथल्या वर्षाची विभागणी. इथं जन्मलेली पोरं घरात तिबेटी बोलतात आणि बाजारात झाडीबोली.

या प्रकरणातलं कुटुंब नमुन्यादाखल उभं केलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या कागदपत्रांतले तपशील एकत्र केले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कायदा, कलमं, निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. महसूल खात्यातल्या नोकरीनंतर मी अशा कुटुंबांचे अर्ज लावून देण्याचं काम करतो. नागरिकत्व आणि पासपोर्टच्या कामावर देखरेख ठेवणारा दिल्लीतला वरिष्ठ अधिकारी नेमकं काय काम करतो, आणि ते झालं नाही तर गावात काय घडतं, हे या एका फाइलीत फार स्पष्ट दिसतं. म्हणून ती सविस्तर मांडतो.

कुटुंब

आई-वडील दोघंही तिबेटात जन्मलेले, लहानपणी भारतात आलेले. मुलं तीन. थोरली मुलगी १९८३ ची. तिच्या पाठचा मुलगा १९८७ च्या मे महिन्यातला. त्याची आई सांगते की तेंदूपत्त्याचा हंगाम होता आणि गावातली सगळी बाया-माणसं जंगलात गेलेली, त्यामुळे सुईणीला बोलावायला कुणी सापडेना. धाकटा १९९० चा. प्रकरण मधल्या मुलाचं आहे. दोन भावांत तो मोठा, म्हणून त्याला थोरला म्हणू.

थोरला हॉटेलात स्वयंपाकी. नागपुरात बरीच वर्षं काम केलेला, हाताला चव असलेला माणूस. २०१७ मध्ये त्याला आखातातल्या एका हॉटेलात नोकरी मिळत होती. त्यासाठी पासपोर्ट हवा. तोवर त्याच्याकडे दोनच कागद होते. एक आरसी, म्हणजे विदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात, त्यांच्या कार्यालयातून ते मिळतं आणि मुदत संपली की वाढवून घ्यावं लागतं. दुसरं ओळख प्रमाणपत्र, ज्याला तिबेटी लोक 'पिवळं पुस्तक' म्हणतात. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम २० मध्ये नागरिक नसलेल्यालाही प्रवासाचा कागद देण्याची तरतूद आहे, तिच्या आधारावर ते दिलं जातं. पण त्यावर व्हिसा मिळवणं हे मोठं दिव्य, आणि हॉटेलवाल्याला थांबायला वेळ नव्हता.

मला तो पहिल्यांदा भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, मी इथंच जलमलो, इथंच शिकलो. मंग मी कुठला, हे तुमीच सांगा."

कायदा काय म्हणतो

नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ३ जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दल आहे आणि त्यात तीन टप्पे आहेत. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो भारतीय. आई-बाप कुठले, हा प्रश्नच नाही (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडून). १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्यासाठी त्याच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघंही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

पहिली मर्यादा आणली १९८६ च्या दुरुस्तीनं. बांगलादेश, श्रीलंका आणि काही आफ्रिकी देशांतून चोरून येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, असं कारण तेव्हा सरकारनं दिलं होतं. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या तिबेटी बाईच्या पोटात असलेल्या मुलाचा विचार त्या वेळी कुणाच्या मनातही आला नसेल. पण कायदा सगळ्यांना सारखा लागतो. त्यामुळे एकाच आईच्या पोटी, एकाच घरात जन्मलेले हे दोन भाऊ कायद्याच्या दोन बाजूंना पडले. मे १९८७ चा थोरला जन्मानं भारतीय. १९९० चा धाकटा परदेशी.

तिबेटींच्या बाबतीत हे कलम कागदावरच राहिलं होतं. नामग्याल डोलकर या हिमाचलात १९८६ साली जन्मलेल्या तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २२ डिसेंबर २०१० ला न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला की ती जन्मानं भारतीय आहे. पूर्वी ओळख प्रमाणपत्राच्या अर्जात तिनं स्वतःला तिबेटी म्हणवलं होतं, हा सरकारचा मुद्दा न्यायालयानं मानला नाही. जन्मानं मिळालेलं नागरिकत्व असं एखाद्या अर्जातल्या रकान्यामुळे सोडून दिल्यासारखं होत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. आमच्या प्रकरणात हाच मुद्दा पुढे कामी आला.

तरी सरसकट पासपोर्ट मिळू लागले नाहीत. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०१४ मध्ये अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं, पण पासपोर्टच्या बाबतीत गृह मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की प्रत्येकाचं प्रकरण नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ खाली तपासावं. कलम ९ दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपण्याबद्दल आहे. ज्यानं कुठलंच दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही त्याला ते लागणार कसं? २२ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयानं हा वाद निकाली काढला आणि त्या मुदतीत भारतात जन्मलेल्या तिबेटींना पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं तशा सूचना पासपोर्ट कार्यालयांना पाठवल्या. ते ऐकूनच थोरल्यानं अर्ज केला.

गुरुजींची तारीख

अर्जाला त्यानं शाळेची टी.सी. जोडली. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं जन्मतारखेच्या पुराव्याचे नियम सैल केले होते. टी.सी., पॅन, आधार असं बरंच काही चालू लागलं होतं. खेड्यापाड्यातल्या लोकांची त्यानं मोठी सोय झाली. या एका माणसाची मात्र अडचण झाली, कारण टी.सी.वर जन्मतारीख होती १ जुलै १९८७.

विदर्भातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहा. पानामागून पान एक जुलै. उन्हाळा कडक असल्यानं इकडे शाळा उशिरा उघडतात. बाप पोराचा हात धरून शाळेत येई आणि तारीख विचारली की म्हणे, "रोवणीच्या आधीचा हाय जी." पहिलीतलं पोर सहा वर्षांचं धरायची रीत. मग गुरुजी १९९३ मध्ये दाखल होणाऱ्या पोराला १ जुलै १९८७ अशी तारीख देत. त्या दिवशी बरोबर सहा वर्षं पूर्ण, हिशेब चोख. यात कुणाचं वाईट करण्याचा हेतू नव्हता. वयाच्या दाखल्यावाचून पोरगं शाळेबाहेर राहू नये म्हणूनच हे केलं जाई. अशा एक जुलैला वाढदिवस असलेल्या माणसांनी विदर्भातली सरकारी कार्यालयं भरलेली आहेत आणि त्यातल्या कुणाचंही त्या तारखेनं काही अडत नाही. फार तर निवृत्ती दोन-चार महिने इकडे-तिकडे.

थोरल्याचं अडलं, कारण कलम ३ मधले शब्द '१ जुलै १९८७ च्या आधी' असे आहेत. त्या तारखेला जन्मलेला माणूस एका दिवसानं बाहेर पडतो. आरसी काढताना पोलिसांनी शाळेचीच तारीख उतरवून घेतलेली. आधारवर तीच, पॅनवर तीच. चार कागद एकमुखानं त्याच्या विरोधात साक्ष देत होते, आणि चौघांचा उगम एकच: गुरुजींची लेखणी.

खरा कागद ग्रामपंचायतीत होता. १९८७ च्या जन्मनोंदवहीत मे महिन्यात एक नोंद सापडली. कापडी पाठीची लांबट वही, पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'. मुलाच्या नावाचा रकाना कोरा. त्या काळी नाव न ठेवताच नोंद होत असे, यात नवल नाही. वडिलांचं नाव 'त्से' नं सुरू होणारं. ग्रामसेवकानं कानाला जसं ऐकू आलं तसं 'शे' लिहिलेलं. आईचं नाव बरोबर. पत्त्यात फक्त 'तिबेट कॅम्प'.

ही नोंद त्याचीच कशावरून? पासपोर्ट कार्यालयानं हा प्रश्न विचारला असता तर योग्यच होतं. उत्तर असं: या आईच्या नावावर त्या वहीत तीन जन्म आहेत. १९८३ चा मुलीचा, १९८७ चा मुलाचा, १९९० चा मुलाचा. घरात मुलगे दोनच. धाकट्याची नोंद १९९० ची आहे हे त्याच्या आरोग्य केंद्रातल्या कागदावरून सिद्ध होतं. तेव्हा १९८७ ची नोंद दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही. शिवाय नोंदीचा अनुक्रमांक आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या ओळीत बसतो, अक्षर तेच, शाई तीच. मागाहून घुसडलेली नोंद अशी बसत नाही. आणि ग्रामपंचायतीकडून दर महिन्याला जन्म-मृत्यूची विवरणं वर जात असत, त्यामुळे वहीवर भरवसा नसेल त्याला ताडून पाहण्याचा आणखी एक मार्ग होता.

कायद्यातही उत्तर तयार आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ खालची, जन्माच्या वेळची नोंद हा सरकारी अभिलेख. शाळेच्या रजिस्टरातली तारीख कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, त्याला ती कशी ठाऊक होती, हे सिद्ध झाल्याशिवाय तिला फारसं वजन नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या निकालात सांगून ठेवलं आहे.

न नाकारलेला अर्ज

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. थोरल्याचा अर्ज कुणी नाकारलाच नाही.

पोलीस चौकशीसाठी हवालदार कॅम्पात आले. फॉर्मवर राष्ट्रीयत्वाबद्दल विचारलेलं. त्यांनी आरसी पाहिली आणि लिहिलं, 'अर्जदार विदेशी नागरिक नोंदणीधारक आहे.' यात चूक काहीच नाही, आरसी होतीच. पण अर्जदार जन्मानं भारतीय आहे का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पासपोर्ट कार्यालयातल्या टेबलावर मग दोन गोष्टी एकत्र आल्या: हा शेरा आणि टी.सी.वरचा एक जुलै. पुढे माहितीच्या अधिकारात टिप्पणीची प्रत मिळाली. तिचा आशय असा, की अर्जदार मुदतीत बसत नाही असं दिसतं, तथापि जन्मनोंदीचा उतारा सादर केला आहे, सबब वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवावं. पत्र गेलं. उत्तर आलं नाही. संकेतस्थळावर अर्जापुढे 'कार्यालयात पुनर्विलोकनाधीन' अशा अर्थाची ओळ दिसत राहिली. आखातातली नोकरी दुसऱ्याला गेली.

पासपोर्ट कायद्यात नकार देण्याची रीत ठरलेली आहे. नाकारायचं तर कारणं लेखी नोंदवायची आणि मागितल्यास अर्जदाराला प्रत द्यायची. त्या आदेशावर कलम ११ खाली अपील करता येतं आणि पासपोर्ट अधिकाऱ्याच्या आदेशावरचं अपील जातं मुख्य पासपोर्ट अधिकाऱ्याकडे. हे पद परराष्ट्र मंत्रालयातल्या सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतं. देशभरातल्या पासपोर्ट कार्यालयांवर देखरेख त्यांचीच. म्हणजे वरच्या टेबलापर्यंत पोचायची वाट आहे, पण तिचं दार नकाराच्या आदेशानं उघडतं. आदेशच नाही तर अपील कशाविरुद्ध करणार?

या पदावरच्या माणसाला खालचं चित्र कसं दिसतं, याचा विचार करा. त्याच्यापुढे अपिलं येतात, न्यायालयातली प्रकरणं येतात, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं येतात. मार्गदर्शनासाठी आलेली पत्रं एखाद्या कक्ष अधिकाऱ्याच्या कपाटात असतात. त्यामुळे नाकारलेली माणसं त्याला दिसतात. लटकलेली दिसत नाहीत. आणि नागरिकत्वाच्या कामात नाकारलेल्यांपेक्षा लटकलेल्यांचे हाल जास्त होतात, कारण लटकलेल्याला भांडायलाही जागा नसते.

खालच्या कारकुनाला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. त्याच्या बाजूनं बघितलं तर हिशेब सरळ आहे. पासपोर्ट दिला आणि उद्या माणूस परदेशी निघाला, तर चौकशी त्याची. नाही दिला आणि माणूस भारतीय निघाला, तर कुणाचीच चौकशी नाही. बनावट जन्मनोंदींची भीती खोटीही नाही. २०२५ मध्ये तर महाराष्ट्रात उशिरा दिलेल्या जन्म प्रमाणपत्रांची राज्यभर फेरतपासणी करावी लागली. अशा हवेत टेबलावरचा माणूस शंका स्वतःच्या डोक्यावर कशाला घेईल? तो ती वर ढकलणार. वरच्या अधिकाऱ्यानं ती शंका उतरवून घेतली नाही, तर ती शेवटी अर्जदाराच्या डोक्यावर जाऊन बसते.

माझ्या मते या क्षेत्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पहिलं काम हेच: कोणती शंका कुठल्या पातळीवर, कोणत्या कागदावरून आणि किती दिवसांत मिटवायची, हे आधीच लिहून देणं. मार्च २०१७ च्या सूचनेत मुदतीत जन्मलेल्यांना पासपोर्ट द्या, हे आलं. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर काय, हे आमच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात कुणी दिलेलं नव्हतं. आणि खेड्यातल्या माणसाच्या कागदांवर दोन तारखा असणं ही नित्याची गोष्ट. त्याला हव्या होत्या त्या ओळी फार नाहीत. मी लिहिल्या असत्या तर अशा:

'अर्जदाराच्या जन्मतारखेबाबत दोन अभिलेखांत तफावत असल्यास जन्माच्या वेळी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये घेतलेली नोंद ग्राह्य धरावी. नोंदीच्या खरेपणाबाबत शंका असल्यास मूळ नोंदवहीची प्रत्यक्ष तपासणी करून ३० दिवसांत सकारण आदेश काढावा. केवळ अर्जदाराकडे विदेशी नागरिक नोंदणी प्रमाणपत्र आहे या कारणास्तव प्रकरण मार्गदर्शनार्थ सादर करू नये. विहित मुदतीत आदेश न झालेल्या प्रकरणांची यादी दरमहा या कार्यालयास पाठवावी.'

शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लटकलेल्यांची यादी मागवली की ते दिसू लागतात.

दुसरी अडचण दोन मंत्रालयांची. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा. नागरिक कोण, हे ठरवणारा कायदा गृह मंत्रालयाच्या विदेशी विभागाकडे. आरसी देणारे पोलीस अधीक्षक तेव्हाच्या १९३९ आणि १९४६ च्या विदेशी नागरिकविषयक कायद्यांखाली काम करणारे. हे कायदे आता गेले. १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व विदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आणि आयुक्तांच्या हाताखालच्या स्थलांतर विभागाला, म्हणजे ब्युरो ऑफ इमिग्रेशनला, त्यात कायद्यानं जागा मिळाली. पण थोरल्याच्या वेळी तीन दारांमध्ये तीन वेगवेगळे समज होते आणि ते जुळवण्याची जबाबदारी एका स्वयंपाक्यावर आली होती.

त्यानं ती निभावली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत आधी नाव घालून घेतलं. जुन्या नोंदींत नाव समाविष्ट करायला राज्य शासनानं तेव्हा मुदत वाढवून दिलेली होती. वडिलांच्या नावातल्या फरकाबद्दल शपथपत्र केलं. मग पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज देऊन आरसीवरची जन्मतारीख बदलून मागितली. तिथल्या अधिकाऱ्यांनी एक काम फार चांगलं केलं: मूळ वही मागवून स्वतः पाहिली, आणि तारीख दुरुस्त करण्याचा आदेश काढला. या सबंध प्रकरणात वही उघडून पाहणारं सरकारी कार्यालय ते एकच. तो आदेश हाती आल्यावर पासपोर्टचा अर्ज नव्यानं भरला, सोबत २०१० आणि २०१६ च्या निकालांच्या प्रती लावल्या. या वेळी चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेरा लिहिला: 'जन्माने भारतीय असल्याचे कागदपत्रांवरून दिसते.'

कॅम्प सोडा

पण आता केंद्र सरकारच्या जून २०१७ च्या अटी आडव्या आल्या. पासपोर्ट हवा असलेल्या तिबेटीनं आरसी आणि ओळख प्रमाणपत्र रद्द करून घ्यावं. तिबेटी वसाहतीत राहू नये. निर्वासित प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडावेत. आरसीधारक म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात.

पहिल्या अटीला माझी हरकत नाही. नागरिकाकडे विदेशी नोंदणीचा कागद असण्यात अर्थ नाही. सवलतींबद्दलही सरकारची बाजू समजते: वसाहतीची जमीन निर्वासितांसाठी दिलेली, ती नागरिकानं का वापरावी? पण राहण्याच्या अटीनं माझा जीव तुटला. या माणसाची सत्तरी ओलांडलेली आई कॅम्पात आहे. वडील गेले. घर तिथं, बांधी तिथं. त्याला सांगितलं जात होतं की तू भारतीय आहेस हे आम्ही मान्य करतो, पण आईच्या घरात राहू नकोस.

पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये नकाराची कारणं दिली आहेत आणि त्यांखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणानं नाकारू नये, असं त्याच कलमात स्पष्ट म्हटलं आहे. अर्जदार कुठल्या वसाहतीत राहतो हे त्या कारणांत नाही. देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. त्यावर निर्बंध घालायचा तर कायदा करावा लागतो, मंत्रालयाचं पत्र त्याला पुरत नाही. मुख्य पासपोर्ट अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं गृह मंत्रालयाला हे लेखी सांगायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. जमिनीचा प्रश्न महसूल खात्याचा. भाडेपट्ट्याच्या अटींप्रमाणे राज्य सरकारनं तो सोडवावा. पासपोर्टच्या अर्जाला तो बांधला की नागरिकत्वाचा हक्क आणि घराचा आसरा यांपैकी एक निवडा, असं होतं.

न्यायालयात जाण्याइतके पैसे आणि सवड त्याच्याकडे नव्हती. त्यानं अर्जुनीत भाड्यानं खोली घेतली, शपथपत्र केलं, आरसी आणि पिवळं पुस्तक जमा केलं. बांधीतला त्याचा वाटा धाकट्याच्या नावे झाला. पासपोर्ट आला. आई कॅम्पात धाकट्याजवळ राहते आणि थोरला रोज सकाळी तिचा चहा करायला सायकलनं जातो. राहू नये म्हटलं आहे, जाऊ नये म्हटलेलं नाही.

मुलगी आणि धाकटा

थोरल्याची तारीख दुरुस्त झाल्यानं आणखी एक गाठ सुटली. त्याची मुलगी २०१३ ची, ग्रामीण रुग्णालयात जन्मलेली. बायको दुसऱ्या राज्यातल्या तिबेटी वसाहतीत १९९१ मध्ये जन्मलेली, आरसीधारक. मुलीचा जन्म २००४ नंतरचा, म्हणून एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. बाप नागरिक ठरला. आई भारतातच जन्मली, कुठून शिरलेली नाही आणि तिची नोंदणी चालू आहे. तिला बेकायदा स्थलांतरित म्हणता येत नाही. म्हणून मुलगी जन्मानं भारतीय. एक जुलैची तारीख कायम राहिली असती तर सोळाव्या वर्षी तिचीही आरसी निघाली असती आणि पुढे तिच्या मुलांपर्यंत हा घोळ गेला असता. बापाच्या पासपोर्टची आणि दुरुस्तीच्या आदेशाची साक्षांकित प्रत तिच्या जन्म प्रमाणपत्राबरोबर ठेवायला मी सांगितलं आहे. शाळेतल्या दाखल-खारीजमधली तिची तारीख जन्म प्रमाणपत्राशी जुळते, हेही जाऊन पाहिलं.

धाकट्याची वाट वेगळी आणि लांबची. तो १९९० चा, आई-वडील दोघंही नागरिक नव्हते, तेव्हा कलम ३ मधून काही मिळत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचाही उपयोग नाही. तो अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीनच देशांतून आलेल्या सहा समाजांसाठी आहे. याच तालुक्यात आणि पुढे गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथला कुणी ११ मार्च २०२४ च्या नियमांखाली अर्ज करील, तर तो टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या जिल्हा समितीकडून राज्यातल्या जनगणना संचालकांच्या अधिकार समितीकडे जाईल. त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना वगळून वेगळी शिडी उभी केली आहे. धाकट्याला ती नाही.

त्याला नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ खाली, देशीयकरणानं, म्हणजे इथल्या दीर्घ वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्व मागून, अर्ज करावा लागतो. आधीच्या चौदा वर्षांत अकरा वर्षं वास्तव्य आणि शेवटचे बारा महिने सलग, ही अट त्यानं जन्मभर इथं राहून पुरी केली आहे. आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. मराठीच्या बाबतीत त्याला अडचण नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी अहवालासह अर्ज ६० दिवसांत राज्य शासनाकडे आणि राज्य शासनानं पुढे ३० दिवसांत केंद्राकडे पाठवायचा. केंद्रानं किती दिवसांत निर्णय द्यावा, हे या दोन मुदतींसारखं बांधलेलं नाही. म्हणजे फाइल जिथं सगळ्यात जास्त काळ राहते, नेमकी तीच पायरी मोकळी आहे. गृह मंत्रालयात नागरिकत्वाचं काम पाहणाऱ्या सहसचिवांनी एखादी गोष्ट उद्याच्या उद्या करावी असं मला कुणी विचारलं, तर मी ही मुदत सांगेन.

धाकट्याचा अर्ज जिल्ह्यातून आणि मुंबईतून पुढे गेला आहे. त्याच्या जन्माची नोंद, शाळेची टी.सी. आणि आरसी या तिन्हींवर एकच तारीख आहे ना, हे अर्ज करण्याआधी तपासून घेतलं, टी.सी.वर त्याचाही एक जुलैच होता, तो शाळेतून दुरुस्त करून आणला. आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपते. तोवर दिल्लीहून उत्तर आलं नाही तर ती वाढवून घ्यावी लागेल, आणि त्या अर्जात देशीयकरणाच्या अर्जाचा क्रमांक लिहायला विसरू नकोस, असं त्याला सांगून ठेवलं आहे.